हिरवं पाणी कोण पितं?

३ ऑगस्ट, मेलकावेरी
रेडिएटरात कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं हिरवं पाणी, परत कमी. परवाच गळ्यापर्यंत भरलेलं. खाली पुठ्ठा अंथरला होता, त्यावर थेंब नाही. मग गेलं कुठं?
भीमरावकाकांना (पुढं भी.का.) विचारलं. ट्रक त्यांचा. मी फिरत फिरत इकडं दक्षिणेत आलेला, त्यांच्या ओसरीवर टिकलेला ड्रायव्हर. त्यांच्या इकडच्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाले, "उन्हांत आटतें डा. बोअरचें पाणी घाल." नाही घालणार. तसल्या पाण्यानं आतून सडलेलं इंजिन साताऱ्यात बघितलंय.

४ ऑगस्ट
सेल्वम मेकॅनिकवर संशय. ट्रक रात्री त्याच्याच आवारात. त्याच्या टेम्पोत तसलंच हिरवं, काठोकाठ! विचारलं तर हसला. "सगळ्यांचं हिरवंच असतं, तंबी." (तंबी म्हणजे इथं धाकटा भाऊ.) हसला म्हणजे काहीतरी आहे.
पाळत ठेवायला निघालो. वाटेत पितळेचे कारागीर समया घासत होते, तिथंच दुपार गेली. एक समई माझ्याहून उंच.

५ ऑ.
इंजिन गार असताना भरलं. कुंकवाची रेघ ओढली, निम्मी झाकणावर, निम्मी रेडिएटरवर. झाकण फिरवलं की रेघ तुटणार. भी.का. आले, रेघ बघून हात जोडले. पूजा वाटली त्यांना!
मग तिरुप्पनंदाळला जाऊन आलो. धूर पांढरा. का?

६ ऑ.
रेघ जशीच्या तशी. उघडलं तर पाणी चांगलंच खाली. कुणी हातच लावला नव्हता.
ऑइल मोजायची पट्टी ओढली. इथली दुधाळ डिग्री कॉफी, अगदी तोच रंग. ऑइलात पाणी, म्हणजे इंजिनच पितंय.
सेल्वमकडे गेलो, मान खाली घालून. तो म्हणाला, "चोर सापडला? लाव त्याला कुंकू." मग पट्टीवरचं ऑइल बोटांत चोळलं. "हेड गॅस्केट फाटलंय, आतून पाणी ऑइलात जातंय. आता चालवू नको. बेअरिंग जातील, मग इंजिनच जाम."

७ ऑ.
भी.कां.ना सगळं सांगितलं. रेघेची गंमतपण. त्यांनी पट्टी नाकाशी धरली, हुंगली.
"तूंच पाणी ओतलेंस."
"मी कशाला ओतू, काका?"
"तूं आणि सेल्वम, दोघे मिळालां. ह्या ट्रकानें माझ्या दोन्ही पोरींचीं लग्नें केलीं. तो मला दगा देणार नाहीं. उद्यां तिरुनीलक्कुडीची केळीं भरायचीं म्हणजे भरायचीं."
इंजिन गेलं तर या म्हाताऱ्याकडं दुसरं काय आहे? पण बोलायला गेलो की संशय वाढतो. इथून सटकावं असंही वाटतंय. नागपट्टणमचा समुद्र अजून बघितला नाही.

८ ऑ.
सकाळी भी.कां.नी चाकाखाली लिंबू ठेवलं. आत चढले. "किल्ली कुठें?"
"असेल की इथंच."
माझ्याकडं बघत उतरले. मग घरी गेले. केळीवाल्याचा फोन वाजतोय, कुणी उचलत नाही.
आंघोळीहून आलो तर माझ्या बॅगेवर कुंकवाची रेघ. निम्मी चेनवर, निम्मी कापडावर. बरोबर माझ्यासारखीच, जरा वाकडी.
चेन उघडली नाही, कालचाच शर्ट घातलाय. किल्ली खिशात.