चुंबकाचा जीव

बा, तुझा चुंबक अजून माझ्याकडं हाय. फुटक्या लाउडस्पीकरातनं काढून दिलावतास तो, काळा, चकतीसारखा. पोशीरला तू कोयते ठोकायचास आन मी भाता ओढायची. सांडलेला लोखंडाचा कीस मातीतनं वेचायला दिलास तो. एकदा मी तो निखाऱ्यापाशी ठेवला तर माझा हातच झटकलास. "आगीजवळ नको गं, जीव जातो त्याचा." मी हसले. लोखंडाला कसला आलाय जीव!

आता ऐक. तुझ्या नातवाची खालापुरात पत्र्याची शेड हाय. माथेरानात माणसं वढायची ती रिक्षा आता बॅटरीवर पळते, तसल्या रिक्षांच्या मोटरी आमी बनवतो. मोटरीत चुंबक लागतो, तो येतो चीनमधनं. आन चीन-अमेरिकेचं वाजलंय, म्हणून माल बंद. पोरगा सांगतो, ज्या मातीतनं चुंबक होतो ती आपल्या दर्याच्या वाळूत बी हाय. म्हटलं, मग काढा की! तर म्हणतो, "आई, माती हाय गं. तिचा चुंबक करायला आपल्याकडं कारखाने कुठं हायेत?" भांडायचं त्यांनी आन कुलूप लागायची पाळी आमच्या शेडवर. शेडात कामाला असलेल्या वाडीवरच्या बाया रोज येतात, नुसत्या बसतात. एकच ऑर्डर उरलीय. ती गेली तर शेड विकायची, असं बोलला आन भरल्या ताटावरनं उठला.

मला बसवेना. पोरगा चुंबक शोधायला मुंबईला गेला तवा मी भंगारातनं जुन्या मोटरी आणवल्या. आतले चुंबक गोंदानं घट्ट बसलेले, पान्यानं बी हलंनात. तू म्हणायचास, अडलं का तापव. म्हटलं, पेटवा गॅस! गोंद सुटला, तुकडे पटापट निघाले. वाडीवरली एक बोलली, "मावशी, आता पगार बी तूच दे, शेट काय कामाचा नाय." सगळ्या हसल्या, मी बी. मग तिनं सहज टाचणी लावली. पडली. दुसऱ्याला लावली, पडली. पार गार होऊ दिले, परत लावली. परत पडली.

पोरगा आला, बघितलं, ओरडला नाय. ओरडायला पायजे होता. "त्यात परत जीव भरायला मशीन लागतं, आई," एवढंच म्हणाला. मुंबईतनं हात हलवत आलावता. उद्या शेड बघायला गिऱ्हाईक येतंय.

बा, तू दोन गोष्टी शिकवल्यास, मला नेमकी एकच आठवली. आता काय करू? तुला इचारून काय उपेग, हा कागद जाणार कुठं! सकाळी पोरगा येड्यासारखा घर धुंडत होता, "आई, जुना चुंबक कुठं पडलाय का गं, कसला बी?" तुझा शिवणाच्या डब्यात होता, सुया धरून. मोटरीत चालला नसताच. पण मी नाय म्हणून सांगितलं, आन डब्यावर बसून ऱ्हायले.