ग्रीसमधून पर्शियात

५ सप्टें. २००८, शुक्र.
जिंकलो! गणपतीतली क्विझ यंदा ग्रीसची. इथे आखातात, आमच्या इंटरनॅशनल सिटीत बिल्डिंगींच्या ज्या क्लस्टरला ज्या देशाचं नाव, तीच त्याची टीम. आम्ही ग्रीस, पलीकडे पर्शिया. मी कॅप्टन. इतिहासाच्या बाईला दुसरं काय जमणार म्हणा.
हातात माइक आला आणि राहवेना. अथेन्सच्या सेनापतीची गोष्ट सांगितली. पर्शियाचं अवाढव्य आरमार त्याने चिंचोळ्या खाडीत कसं ओढून आणलं, जहाजावर जहाज कसं आदळलं, राजा किनाऱ्यावर सिंहासन मांडून कसा बघत बसला होता. शेवटी दणकून, "पर्शिया तेव्हाही हरला, आजही हरला!" टाळ्याच टाळ्या.
पर्शियाच्या कॅप्टन गावडेवहिनी. डब्यांचा बिझनेस आहे त्यांचा, सगळे मोदक त्यांनीच केलेले. ताट पुढे करत म्हणाल्या, "मोदक तरी चालतील ना टीचर, पर्शियाचे?"
घरी येताना अजित म्हणाला, "जरा जास्तच बोललीस." नवऱ्यांना गंमत कळत नाही.

१८ जाने. २००९, रवि.
अजितला काढलं. मरीनातला टॉवर अर्धा, काम बंद. साइटवरून बोलावून घेतलं, हातात पत्र. खलास. मार्चअखेरपर्यंत व्हिसा ठेवतायत, पण फ्लॅट कंपनीचा, तो या महिनाअखेर खाली करायचा. माझ्या एकटीच्या पगारात फ्लॅट परवडणार नाही.
आणि मार्चमध्ये सईची दहावीची बोर्डाची परीक्षा. तिला सांगितलं. "इट्स ओके मम्मा, आय कॅन स्टडी एनीव्हेअर." मग बाथरूममध्ये नळ सोडून बसली. जसं काही आम्हाला कळतच नाही.

२३ जाने., शुक्र.
पाच दिवसांत चार खोल्या बघितल्या. एकीत प्लायवूडचं पार्टिशन, पलीकडे सहा जण. दुसरीकडे, "फॅमिली नहीं चाहिए." अजित म्हणतो, तू आणि सई पुण्याला जा. बोर्डाच्या दीड महिना आधी? डोकं फिरलंय त्याचं. कडाक्याचं भांडण.
दुपारी बेल. दारात गावडेवहिनी, हातात डबा.
"आमचा मुलगा कॉलेजला इंडियात गेला. त्याची खोली नुसती पडून आहे. लेकीची परीक्षा होईपर्यंत या. नंतरचं नंतर बघू."
मी, "वहिनी, त्या दिवशी मी माइकवर..."
"ते राहू दे हो. पहिला पेपर कधी?"
कळवते म्हटलं. एवढं होऊनही ताठा काही जाईना.
डबा उघडला. तांदळाची भाकरी, सोलकढी, बांगड्याचं कालवण. आणि एकदम त्या गोष्टीचा पुढचा भाग आठवला. तो मी वर्गातही कधी सांगत नाही, विजयापाशीच थांबते. त्या सेनापतीला पुढे त्याच्याच लोकांनी शहराबाहेर काढलं. दारोदार भटकला. शेवटी कुठे गेला? पर्शियाला! हरलेल्या राजाच्या मुलाने त्याला ठेवून घेतलं, वर तीन गावं तोडून दिली: एक भाकरीसाठी, एक वाइनसाठी, एक कालवणासाठी. वाइनच्या जागी सोलकढी धरली की झालं.
हे जेवताना मोठ्याने सांगितलं. सई घास हातात धरून बघत राहिली. "सो ही जस्ट वेंट टू देम? यू नेव्हर टोल्ड अस दॅट पार्ट."
नव्हता सांगितला. आपल्याला जिंकलेलंच सांगायला आवडतं.
अजित बघत होता. उठले, फोन लावला. "येतो, वहिनी."

३० जाने., शुक्र.
डब्यांच्या व्हॅनमधून दोन खेपा. गाद्यांना मसाल्याचा वास. वहिनींनी अर्धा फ्रिज, अर्धं कपाट रिकामं करून ठेवलेलं. माझे देव त्यांच्या देव्हाऱ्यात बसले, दाटीवाटीने. सईचं टेबल खिडकीशी. तिथून आमची जुनी बिल्डिंग दिसते.
किती दिवसांनी झोप येतेय.

२९ मार्च, रवि.
शेवटचा पेपर झाला! रोज सकाळी सईच्या हातावर दहीसाखर, आधी वहिनींची, मग माझी.
अजितचा व्हिसाही झाला, माझ्या नावावर. प्रिन्सिपल मॅडमनी एका शब्दावर पत्र दिलं. देव त्यांचं भलं करो. अजित म्हणतो, "आता तू माझी स्पॉन्सर. बाईसाहेब म्हणू का?" हल्ली पहाटे डब्यांसाठी कांदा चिरतो. डोळ्यांतलं पाणी कांद्याचं, असं सांगतो.
आज ओट्यापाशी वहिनींची नीट माफी मागितली.
"झोंबलं होतं हो," त्या म्हणाल्या. "दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. त्यांचा काही संबंध नसताना!" आणि हसत सुटल्या.
मला हसता येईना. म्हटलं, वहिनी, तुम्ही नसतात तर माझं घर दोन देशांत फुटलं असतं. "बरं बरं. पिठात रडू नका, भाकऱ्या खारट होतील."
दुसरी खोली बघायचा विषय काढला की म्हणतात, घाई काय आहे.

१४ ऑगस्ट, शुक्र.
अबुधाबीच्या हॉस्पिटल प्रोजेक्टवरच्या नोकरीचं लेटर अजून नाही. "नेक्स्ट वीक, इन्शाल्ला." हा तिसरा नेक्स्ट वीक. आलं तर अबुधाबी. नाही आलं तर काय, ते दोघंही बोलत नाही.
गणपती नऊ दिवसांवर. वहिनी यादी घेऊन आल्या. "टीचर, यंदा पर्शियाच्या कॅप्टन तुम्ही."
सई ओरडलीच. "मम्मा! व्हॉट डिड द जनरल डू?"
सांगावं लागलं. राजा पुढे म्हणाला, आता ग्रीकांवर चालून जा. आपल्याच माणसांवर जाण्यापेक्षा तो विष प्याला म्हणे. कुणी म्हणतात, आजारात गेला. खरं कुणालाच माहीत नाही.
वहिनी कणकेचा हात तसाच धरून ऐकत होत्या. "अगंबाई! विष कशाला? क्विझ तर आहे."
मी म्हटलं, "आणि तोवर लेटर आलं तर? किंवा आलंच नाही तर?"
"मग खोडू. पेन्सिलीने लिहिते."
लिहिलं, यादी फ्रिजवर लावली आणि डबे द्यायला खाली गेल्या.
मी पेन घेतलं आणि माझं नाव गिरवलं.