करड्या इटालियन गाडीची आणि तीन ठिपक्यांची व्यवस्था

हे लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल प्रथम सर्वांची माफी मागतो. याआधी दोनदा लिहायला बसलो होतो. पहिल्यांदा एका वकिलाने मसुदा करून देतो म्हटले, पण त्याने गाडीविषयी इतके प्रश्न विचारले की मला तो माणूस ठीक वाटेना. दुसऱ्यांदा लिहिलेला कागद मी इतका जपून ठेवला की तो अजून मलाच सापडलेला नाही. कोणाला सापडल्यास तो रद्द समजावा. हा कागद खरा.

मी, बाळकृष्ण त्र्यंबक नेहेते, वय अठ्ठ्याहत्तर, रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला फिटर, शिक्षण सातवी, राहणार वासणा, बडोदे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. माझी पत्नी नयना वेगळे सांगेल, पण ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करता येत नाही, असे कळले. मला कोणी धमकावलेले नाही, गोड बोलून फसवलेलेही नाही, निदान माझ्या लक्षात येईल असे तरी नाही. या महिन्याच्या वीस तारखेला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. तपासणीला दाखल होतो तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही ते हेच म्हणाले होते, म्हणून लिहून ठेवतो.

१. वासण्याचा तळमजल्यावरचा फ्लॅट आणि बँकेत जे असेल ते सर्व नयनाला द्यावे. तिच्या पश्चात ते आमचा मुलगा उत्कर्ष याचे. आम्ही घडियाळी पोळातले, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीतले, घर सोडून इथे आलो, तेव्हा मी नयनाला इकडे हवा चांगली आहे असे सांगितले होते. खरे कारण, गाडी पोळात शिरत नव्हती. नयनाला ते तेव्हाच कळले होते, असे तिने मागच्या आठवड्यात सांगितले. पस्तीस वर्षे बोलली नाही, याची नोंद घ्यावी.

२. माझी सर्व हत्यारे, पाने, मायक्रोमीटर आणि लाकडी पेटी रणवीरसिंह परमार यास द्यावीत. हा आमचा पत्र्याचे काम करणारा. गाडीची गंजून गेलेली तळाची बाजू आणि दोन्ही मडगार्ड त्याने हाताने ठोकून नवी केली. माणूस चांगला आहे. माझा एक चपटा हातोडा त्याच्याकडे दोन वर्षांपासून आहे, तोही आता त्याचाच समजावा, म्हणजे त्याला खोटे बोलायला नको.

३. आता गाडी. बाकी सगळे या कलमासाठीच लिहिले आहे.

अल्फा रोमिओ कंपनीची जुलिएटा स्पायडर, सन १९५९, दोन माणसांची, उघडी. एका बंद पडलेल्या गिरणीच्या गोदामात ती पोत्यांखाली होती, तिथून मी ती १९८९ साली आणली. रंग फिका करडा. लोक म्हणतात इटालियन स्पोर्ट गाडी लालच पाहिजे. लोकांनी दाराच्या आतला मूळ रंग खरवडून पाहिलेला नाही, मी पाहिला आहे.

ही गाडी उत्कर्षला देत नाही. मुलगा वाईट नाही. पण गणपतीला आला तेव्हा त्याने मोबाइलवर गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. कशाला, म्हणून विचारले तर म्हणाला, "मित्रांना दाखवायला, बाबा." मित्रांना चेसिस नंबर कशाला लागतो? तीनच दिवसांनी अहमदाबादच्या एका शौकीन गृहस्थाचा फोन आला की गाडी द्यायची आहे असे ऐकतो. हा गृहस्थ जुन्या गाड्यांत नवी इंजिने बसवतो आणि लग्नाच्या वरातीत पाठवतो. मी सांगितले, चुकीचा नंबर लागला आहे.

गाडी मी लक्ष्मण शितोळे यास देतो. मांडवीच्या मागे ज्याचे एका शटरचे गॅरेज आहे, तो लक्ष्मण. गेली नऊ वर्षे तो माझ्याशी बोललेला नाही, म्हणून कारण लिहावे लागते.

४. १९९६ पासून वीस वर्षे या गाडीचे इंजिन फक्त लक्ष्मणने उघडले. पुस्तक इटालियनमध्ये. ना त्याला वाचता येत होते, ना मला. तो आकृत्या बघायचा, मग इंजिनाला कान लावायचा. असा कान मी रेल्वेतही पाहिला नाही.

माझा मात्र एक नेम होता. कोणताही भाग दुसऱ्याच्या हाती देण्याआधी त्यावर आडजागी पंचाने, म्हणजे ठोकून खूण करायच्या टोकदार हत्याराने, तीन बारीक ठिपके मारायचे, आणि परत आला की भिंग लावून पाहायचे. ही सवय वर्कशॉपातली. तिथे चांगला माल जायचा आणि भंगार परत यायचे. वीस वर्षांत लक्ष्मणकडून एकही भाग बदललेला आला नाही. याचा अर्थ मी असा घेतला की चोर सावध आहे.

२०१६ च्या मार्चमध्ये हेड काढले. हेड म्हणजे इंजिनावर बसणारा ॲल्युमिनियमचा मोठा ओतीव भाग. व्हॉल्व्ह त्यात असतात. ते गेले तर दुसरे सहजी मिळत नाही, आणि म्हणूनच चोरायला ते सर्वांत चांगले. मी पुढच्या टोकाला, पाण्याच्या वाटेशेजारी ठिपके मारले आणि लक्ष्मणला दिले. मग एका लग्नासाठी जळगावला गेलो. आलो तर त्याने हेड बसवलेले, फक्त टॅपेटचे अंतर, म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची बारीक फट, लावायचे बाकी; त्याशिवाय गाडी सुरू करता येत नाही. मी भिंग लावले. ठिपके नव्हते. धातू नवा चकचकीत.

"लक्ष्या, हे हेड माझे नाही."

"बाळकाका, आल्या आल्या चेष्टा?"

"माझे ठिपके कुठे गेले?"

"कसले ठिपके?"

मी सांगितले, कसले ते. त्याने फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "त्या जागेचं ऐका तरी. तिथं मी—"

"मला शेंड्या लावू नकोस. मूळ हेड कोणाला विकलेस ते सांग."

"चोर म्हणालात, ते मी गिळलं असतं," लक्ष्मण म्हणाला. "तुम्ही दूधवाल्यालाही म्हणता. पण वीस वर्षं मला शेजारी बसवून जेवू घालत होतात, आणि आत जाऊन खुणा करून सामान देत होतात?"

त्याने आपले पाने गोळा केले आणि गेला. नयनाने जेवणाची पाने वाढली होती. तिने हाक मारली, तो वळला नाही.

तेवढ्यावर मी थांबलो नाही. मांडवीतल्या सुट्या भागांच्या चार दुकानांत जाऊन सांगितले की लक्ष्मण हेड विकतो. पुढे त्याच्याकडे जुन्या गाड्या यायच्या बंद झाल्या. आता तो स्कूटर दुरुस्त करतो. हे मला रणवीरने सांगितले, आणि मी म्हणालो, बरे झाले.

पुढे पुण्याहून एक जाणता मिस्त्री बोलावला. त्याने अर्धा तास पाहिले आणि म्हणाला, "हे काम ज्यानं केलंय त्यालाच बोलवा, मी हात लावणार नाही." मला वाटले, दोघे मिळालेले आहेत. तेव्हापासून गाडी सुरू झालेली नाही. दुसऱ्याच्या हेडावर ती मी सुरू होऊ दिली नसती.

५. यंदा दसऱ्याला पूजेसाठी हत्यारे बाहेर काढली. मायक्रोमीटरच्या डब्यात, गादीच्या खाली, माझ्याच अक्षरात एक चिठ्ठी निघाली: "हेड. दुसरी खूण. धुराच्या बाजूस, चौथ्या सिलिंडरच्या बोल्टाजवळ."

पहिली खूण चोराला सापडली तर, म्हणून मी दुसरी केली होती. ती कोणाला कळू नये म्हणून चिठ्ठी लपवली होती. आणि नंतर विसरलो होतो.

रणवीरला बोलावले. त्याने धुराचा पाइप जोडतात तो मॅनिफोल्ड सोडवला, टॉर्च मारला आणि म्हणाला, "काका, आ जुओ. त्रण टपकां."

तीन ठिपके. माझेच. मी विचारले, "हे तू आत्ता तर मारले नाहीस?" तो इतका हसला की त्याला खाली बसावे लागले. पण मी भिंगातून पाहिले. ठिपक्यांत ॲल्युमिनियमवर धरते तशी पांढरी बुरशी धरलेली होती. ती एका दिवसात येत नाही.

मग त्याने पुढचे टोक दाखवले. "इथं पाण्यानं खाल्लेलं होतं, काका. लक्ष्मणभाईनी वेल्डिंगनं भरून, कानशीनं घासून जागा बनवली आहे. दुसरा कोणी असता तर हेड फेकून द्या म्हणाला असता. मी किती वेळा सांगायला गेलो, तुम्ही ऐकता कुठे?"

म्हणजे ठिपके गेले होते ते हेड वाचवताना.

नयना दारात उभी होती. म्हणाली, "माझ्या मंगळसूत्रावर पण असतील तुमचे ठिपके." हे खरे नाही. स्टीलच्या डब्यांवर आहेत.

६. मागच्या आठवड्यात रिक्षा करून मी त्या चारही दुकानांत गेलो आणि लक्ष्मणविषयी बोललेले परत घेतले. दोघांना आठवत होते. एकाला आठवत नव्हते, त्याला आधी आठवण करून द्यावी लागली. चौथ्या दुकानात आता मोबाइलची कव्हरे विकतात. त्या मुलीलाही मी सगळे सांगितले. ती म्हणाली, "काका, कवर जोईए छे?" लक्ष्मणच्या गॅरेजापर्यंतही गेलो होतो. शटर अर्धे उघडे होते, आतून रेडिओ ऐकू येत होता. मी रिक्षातून उतरलो नाही.

७. तरी माझ्या मृत्यूनंतर ही गाडी, कागदपत्रे, इटालियन पुस्तक आणि सुट्या भागांचे तीन खोके लक्ष्मण शितोळे यास द्यावेत. तो नको म्हणाल्यास गाडी नयनाची, आणि मग ती अहमदाबादला जाणार हे मला माहीत आहे. उत्कर्ष, तू आईला काय सांगशील ते मला इथूनच ऐकू येते.

या ठिकाणी मी चार अटी लिहिल्या होत्या. गाडी विकू नये. लाल करू नये. वरातीला देऊ नये. वर्षातून एकदा रणवीरने येऊन सर्व भाग जागेवर आहेत याची खात्री करावी. नयनाने चष्मा लावून वाचले आणि म्हणाली, "पुन्हा ठिपकेच मारताय की."

चारही अटी खोडल्या आहेत. खोडल्याच्या प्रत्येक जागी सही केली आहे, म्हणजे नंतर कोणी शंका काढू नये. रंगाची अट खोडताना हात अडला होता, म्हणून ती रेघ वाकडी आहे. गाडी त्याची, मर्जी त्याची.

८. या कागदाप्रमाणे सर्व करण्याचे काम नयनाने पाहावे. दुसऱ्या कोणावर माझा विश्वास नाही.

साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले, आणि मी त्यांना. मजकूर त्यांना वाचायला दिलेला नाही, वर वर्तमानपत्र धरले होते.

सही: बाळकृष्ण त्र्यंबक नेहेते

साक्षीदार:
१. अविनाश दिघे, समोरच्या फ्लॅटमधील, निवृत्त रेल्वे क्लार्क
२. स्नेहलता चांदोरकर, वरच्या मजल्यावरील, निवृत्त शिक्षिका

ठिकाण: वासणा, बडोदे
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

लक्ष्मण, याची एक प्रत रणवीरबरोबर तुझ्याकडे पाठवत आहे. मेल्यावर वाचायचा कागद आधीच पाठवतो, कारण मेल्यावर तुझे उत्तर मला कळणार नाही. माझे चुकले. दोन गोष्टी विचारतो: गाडी घेशील का, आणि टॅपेट लावायला येशील का. एकीला हो आणि दुसरीला नाही म्हणालास तरी चालेल. पण उत्तर रणवीरजवळ देऊ नकोस. तू नाही म्हणालास तरी माझ्या ऑपरेशनकडे बघून तो मला हो म्हणूनच सांगेल. तू स्वतः फोन कर, नंबर तोच आहे. वीस तारखेच्या आत, जे असेल ते, लवकर कळव.