रथसप्तमीचं पाणी

१ डिसेंबर, सोमवार

रिटायर होऊन एक महिना झाला. नगर परिषद अजून चालू आहे. बहुतेक मी लावून दिलेल्या शिस्तीवर चाललीय. शिस्त संपली की फोन येईल. फोन सतत चार्ज ठेवायचा.

आजपासून रोजनिशी. संकल्प तीन. पहाटे पाचला उठून चालणं, शिवपार्वती नगरातला पाण्याचा प्रश्न सोडवणं आणि सौ. महादेवीला घरकामात मदत.

२ डिसेंबर

थंडी फार. चालणं रविवारपासून.

५ डिसेंबर, दुपारी ४

ऑफिसला सहज चक्कर. पाणीपुरवठ्याला नवीन इंजिनिअर आल्यात, मोनिका मॅडम. वय अठ्ठावीसच्या वर नसावं. म्हणाल्या, काका, बसा, चहा घ्या. त्यानंतर तासभर कॉम्प्युटरमध्ये बघत होत्या. माझ्यासमोर बोलायला अवघडल्या असणार.

आठ दिवसांआड येणारं पाणी चार दिवसांआड कसं करता येईल, ते मी सविस्तर सांगितलं. त्यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या विभागात होता. मी म्हणालो, पाणीपुरवठा, बत्तीस वर्षं. आवक-जावकच्या टेबलावर होतो, हा तपशील सांगत बसलो नाही. गावातल्या पाण्याचा प्रत्येक कागद माझ्या हातून गेलाय. कागद कळला की पाणी कळतं.

१९ डिसेंबर, येळवस (वेळा अमावास्या)

भूमजवळ मेहुण्याच्या शेतात. कडब्याच्या कोपीसमोर पूजा, मग मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीची भाकरी, ताकातली आंबील. तीस-पस्तीस माणसं आयती जमलेली, म्हणून पाणी वाचवण्यावर दोन शब्द बोलायला उभा राहिलो. मेहुणा म्हणाला, दाजी, आधी जेवून घ्या. जेवलो. आंबिलीचे तीन तांबे झाले. उठलो तेव्हा लोक घरी गेलेले. ग्रामीण भागात या विषयाचं गांभीर्य नाही.

चालणं नवीन वर्षापासून. मध्येच सुरू करण्यात अर्थ नसतो.

२ जानेवारी, शुक्रवार

आमच्याकडं नगरातल्या बायकांची मीटिंग. यंदाचं हळदीकुंकू सगळ्यांनी मिळून, पाण्याच्या टाकीखालच्या मैदानात, मंडप घालून. तारीख २५, रथसप्तमी. तो शेवटचा दिवस, पुढं ढकलता येत नाही.

महादेवीनं एक मुद्दा काढला. म्हणाली, समोरच्या कमलबाईंना बोलवायचं, आणि पहिलं कुंकू त्यांनाच लावायचं. कमलबाईंचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. दर संक्रांतीला त्या दार लावून घरात बसतात. दोघी जणी कुकरचं कारण सांगून उठून गेल्या. महादेवी चप्पल घालून समोर गेली आणि अर्ध्या तासानं परत आली. डोळे लाल होते. म्हणाली, येते म्हणाल्या, पण मागं बसणार म्हणाल्या.

या सगळ्यात कार्यक्रमाचा अध्यक्ष कोण, हे कुणीच ठरवलं नाही. मी ती जबाबदारी स्वीकारली. कुणाचा विरोध नव्हता, कारण तोवर सगळ्या गेल्या होत्या.

पाणी सोमवारी, २६ला येणार. दोनशे बायकांचं चहापाणी, भांडी, सडा, सगळं आदल्या दिवशी. मी महादेवीला सांगितलं, रविवारी पाणी येईल, माझा शब्द. ती माझ्याकडं बघत राहिली. विश्वासानं.

६ जानेवारी

मोनिका मॅडमना पत्र लिहिलं. चार पानं. पहिली तीन पार्श्वभूमी.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ द्यायला ऑफिसला. मॅडम म्हणाल्या, काका, रविवारचं पाणी दहा दिवसांपूर्वीच ठरलंय, गोरोबा बोलला होता. पत्राचा विषय काढला नाही. कृती बोलते.

घरी आल्यावर कळलं ते असं. गोरोबा म्हणजे पाणी सोडणारा माणूस, सतरा वर्षं कंत्राटावर. तो गल्लीत आला तेव्हा महादेवीनं फाटकापाशी त्याला विचारलं. तो म्हणाला, मॅडमला इचारतो वैनी, लई अवघड न्हाय. दुसऱ्या दिवशी सांगून गेला, रविवारी सकाळी सहा ते आठ. एवढंच. ना अर्ज, ना जावक क्रमांक. अशानं व्यवस्था कोलमडते.

२४ जानेवारी, शनिवार

भाषण तयार. ‘जल आणि स्त्री’. बावीस मिनिटं. महादेवी म्हणाली, बायका वाण द्यायला-घ्यायला येतात, भाषण कोण ऐकणार. स्टेजच्या भीतीनं बोलत असावी.

२५ जानेवारी, रथसप्तमी, दुपारी १२.३०

गोरोबानं सहा ते आठ पाणी सोडलं. नगरातली सगळी पिंपं भरली. काम ठीक.

मात्र अध्यक्ष म्हणून साडेअकराला मैदानाची पाहणी केली, ते बरं झालं. टाकीच्या पायथ्याला चेंबर आहे. त्यात टाकी धुतल्यावर घाण पाणी मैदानाकडं सोडून द्यायचा एक व्हॉल्व्ह आहे. त्याच्या पाइपाचं तोंड मंडपाआड, चेंबरपासून दिसत नाही. व्हॉल्व्हपाशी थेंब थेंब गळती. मंडप खाली पंचवीस पावलांवर, रांगोळ्या काढून झालेल्या. आजूबाजूला कुणी नाही. कोट काढला, चेंबरमध्ये उतरलो आणि चाक फिरवून घट्ट केलं. घट्ट केल्यावर आवाज वाढला. म्हणून आणखी घट्ट केलं, पार फिरेना तोवर. आत दाबलेलं पाणी आवाज करतं, हे शास्त्र आहे.

बत्तीस वर्षांचा अनुभव शेवटी हातात असतो. आता जेवण, थोडी झोप, तीनला कार्यक्रम.

२५ जानेवारी, संध्याकाळी ७

दोनला आरडाओरड्यानं जाग आली. मैदानात पोटरीएवढं पाणी. रांगोळ्या गेल्या, सतरंज्या तरंगत होत्या, तिळगुळाची एक परात पार गटारीपाशी. अर्धी टाकी रिकामी.

गोरोबा सायकल टाकून पळत आला. मी तिथंच सर्वांसमोर त्याला स्पष्ट शब्दांत सुनावलं की हा निष्काळजीपणा आहे. तो म्हणाला, साहेब, म्या आठला समदं बगून गेलतो. मी म्हणालो, मग हे काय. तो चेंबरमध्ये उतरला आणि चाक फिरवलं. पाणी थांबलं.

त्यानं ते मी फिरवलं होतं त्याच्या उलटं फिरवलं. नोंद करून ठेवतो. काही व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंनी बंद होत असावेत.

बायका पदर खोचून कडेला उभ्या. आज नाही तर पुढच्या वर्षी, असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा मागून कमलबाई पुढं आल्या. इस्त्री केलेलं हिरवं लुगडं, गुडघ्यापर्यंत भिजलेलं. म्हणाल्या, माझं अंगण उंचावर हाय. तिकडं चला समद्या.

सगळ्या गेल्या. कुकरवाल्या दोघीही गेल्या. महादेवीनं कमलबाईंच्याच उंबऱ्यावर त्यांना पहिलं कुंकू लावलं. मी रस्त्यावरून पाहिलं. कमलबाई डोळे मिटून उभ्या होत्या आणि त्यांची हनुवटी हलत होती. मग त्याच घरधनीण म्हणून दिवे लागेपर्यंत सगळ्यांच्या ओट्या भरत होत्या.

माईकची वायर तिथपर्यंत पोचत नव्हती. भाषण राहिलं.

२६ जानेवारी

झेंडावंदन. टाकीत पुरेसं पाणी नाही, म्हणून खालच्या तीन गल्ल्यांची आजची पाळी रद्द. झेंडावंदन संपायच्या आत बायका घागरी घेऊन ऑफिसच्या फाटकावर. मी मागच्या दारानं आलो. गर्दीत श्वास कोंडतो.

२८ जानेवारी, बुधवार

गोरोबाला नोटीस. तीन दिवसांत खुलासा, नाहीतर कामावरून कमी. पंचनाम्यात ‘निवृत्त कर्मचारी श्री. गौरीशंकर यांनी समक्ष सांगितल्याप्रमाणे निष्काळजीपणा’ असं वाक्य आहे. माझं नाव शुद्ध लिहिलंय.

जेवण गेलं नाही. वातावरण बदलतंय.

२९ जानेवारी

दिवसभर विचार केला. समजा एखाद्या माणसानं चांगल्या हेतूनं चाक फिरवलं असेल. हेतू महत्त्वाचा. शिवाय चौकशी चालू असताना मध्ये बोलणं म्हणजे चौकशीवर दबाव. निष्पक्षपणे होऊ द्यावी.

घरातल्या नळावर प्रयोग केला. डावीकडं फिरवलं की पाणी येतं. पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा आलं.

३० जानेवारी

सर्दी. बाहेर पडणं शक्य नाही.

३१ जानेवारी, शनिवार

महादेवी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, तुमच्या शर्टाच्या बाहीला ग्रीस होतं. रविवारीच भिजत घातला, अजून निघालं नाही.

मी म्हणालो, स्कूटरचं असेल.

ती म्हणाली, स्कूटर दिवाळीपासून बंद आहे. मग म्हणाली, गोरोबाची बायको आली होती. रडली नाही, नुसती बसून गेली. तुम्ही सांगताय की मी सांगू?

मी म्हणालो, योग्य वेळी सांगेन. ती म्हणाली, नोटिशीची मुदत आज संपते. मी म्हणालो, शनिवारची सुट्टी आहे, म्हणजे ती सोमवारपर्यंत धरतात. बत्तीस वर्षांत हे एक मला नक्की माहीत आहे. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि पुढं एक शब्द बोलली नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार, दुपारी ३

काल रविवारीही महादेवी बोलली नाही. दहाला ऑफिसला गेलो. लेखी निवेदन नेलं नाही. लिहायला बसलो होतो, पार्श्वभूमीतच तीन पानं गेली, फाडून टाकली.

गोरोबा बाकावर बसलेला, हातात खुलाशाचा कागद. मी मॅडमना सांगितलं, तो व्हॉल्व्ह मी उघडला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, काका, तुमचं मन मोठं आहे, पण गरिबाला वाचवायला असं दुसऱ्याचं अंगावर घेऊ नका. शिपाई म्हणाला, गौरीशंकर साहेब लई दयाळू. गोरोबासुद्धा म्हणाला, मॅडम, साहेब कवा चेंबरपाशी आलेलं म्या तर बगितलं न्हाय.

मी पुन्हा सांगितलं. मॅडम म्हणाल्या, तुम्ही तर आवक-जावकला होता. त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासूनच माहीत असणार.

मला राग आला. आयुष्यभर मी जे सांगितलं, ते लोकांनी मान हलवून ऐकलं. आज खरं सांगतोय तर कुणी ऐकेना. म्हणालो, चला, दाखवतो.

तिघं टाकीपाशी गेलो. मॅडम म्हणाल्या, त्या रविवारी कसं बंद केलंत, तसंच करून दाखवा. मी उतरलो, चाक धरलं. कुणीकडं फिरवायचं ते घरच्या नळावरून पाठ करून आलो होतो. पण खाली वाकून, पलीकडच्या बाजूनं चाक धरल्यावर डावं-उजवं जुळेना. शेवटी बंद होईल असं वाटलं, तिकडं फिरवलं.

पाणी धो धो मैदानात.

गोरोबानं मला दंडाला धरून वर घेतलं, स्वतः उतरून चाक बंद केलं. म्हणाला, साहेब, जपून, पाय घसरंल. मॅडमनी ओल्या मैदानाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, पटलं.

गोरोबाची नोटीस रद्द. मला एक कागद लिहून द्यावा लागला, की मी यापुढं नगर परिषदेच्या कुठल्याही व्हॉल्व्हला हात लावणार नाही. तो कागद आवकला नोंदवून घेतला. माझ्याच जुन्या टेबलावर.

बाहेर आल्यावर गोरोबाला म्हणालो, तुला सगळ्यांसमोर बोललो, चुकलं माझं. वाटलं, तो म्हणेल, असू द्या साहेब. तो म्हणाला, व्हय. आणि सायकलवर बसून गेला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज पाण्याची पाळी. महादेवी बोलली. म्हणाली, कमलबाईंचं पिंप भरून द्या, त्यांचे गुडघे दुखतायत, त्या दिवशी पाण्यात उभ्या होत्या.

गेलो. नळी लावली, उभा राहिलो. पिंप भरलं, वरून वाहायला लागलं. ओट्यावरून कमलबाई म्हणाल्या, भाऊ, नळ बंद करा की.

मी विचारलं, कुणीकडं फिरवू.

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, पायऱ्या उतरून आल्या आणि नळ बंद केला.