सोनचाफ्याची मुदत

१८ नोव्हें. ७१, गुरु.
सोनचाफा यंदाही नुसता पानांनी गच्च. फूल एक नाही. माझं लग्न झालं त्याच महिन्यात सासूबाईंनी लावला, सात वर्षं झाली.
आज त्यांनी माहेरची रीत काढली. न फुलणाऱ्या झाडावर एकीनं कुऱ्हाड उगारायची, दुसरीनं गयावया करायची. कुऱ्हाड त्यांनी घेतली. "फुलत नाही तर काहून ठेवायचं याला?"
मी म्हणायचं, "राहू द्या, वर्षभरात फुलेल."
म्हटलं. मग रडूच आलं. सात वर्षं माझीही झाली, कूस रिकामी. सा.बां.च्या मनात तेच होतं का? मलाच का उभं केलं?

१९ नोव्हें.
ह्यांना विचारलं. दारूगोळ्याच्या फॅक्टरीत डबल शिफ्ट, डोळे लाल. "आई सरळ आहे. तूच उगाच वाकडं पाहून राहिली."
असेल. नसेलही.

५ डिसें., रवि.
लढाई सुरू. काचांना काळा कागद लावला. प्रत्येक क्वार्टरच्या अंगणात खंदक खणायचा हुकूम आहे. नागरी संरक्षणाच्या वॉर्डननं चुन्याची रेघ मारली ती नेमकी चाफ्यावरून. हे कालपासून फॅक्टरीतच.

६ डिसें.
माणसं कुदळी, कुऱ्हाड घेऊन आली. सा.बा. बुंध्याशी फतकल मारून बसल्या.
"इसको एक साल की मोहलत दी है."
"अम्माजी, लड़ाई है!"
"तो रहे लड़ाई. ज़बान दी है. बहू से पूछो, उसके सामने दी है."
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. शेवटी खंदक त्यांच्या वांग्यांच्या वाफ्यावरून वळवला. भरल्या वांग्यांवर त्यांनी पाणी सोडलं! चाफ्यासाठी की…

१२ डिसें.
संध्याकाळी भोंगा. आम्ही दोघीच खंदकात. चाफ्याची एका बाजूची मुळं तुटलेली दिसत होती. सा.बा. त्यांना ओली माती लिंपत होत्या. अर्धी शाल माझ्या खांद्यावर टाकली. विचारणार होते, तेवढ्यात धोका टळल्याचा दुसरा भोंगा झाला. घरात आलो.

२ जाने. ७२
लढाई संपून पंधरा दिवस झाले. चाफ्याची पानं पिवळी पडून गळताहेत.

२३ जाने., रवि.
अर्धं झाड उघडं, आणि एक फूल! तेही या थंडीत.
शेजारची पांडेदीदी म्हणते, "मरने से पहले फूलता है पेड़." हे म्हणतात, कुऱ्हाडीला भ्यालं. कोणाचं खरं मानू?
पहिलं फूल देवाला जाईल असं वाटलं होतं. सा.बां.नी ते माझ्या केसात माळलं. धीर करून विचारलं, "आई, झाडाला वर्ष दिलं. मला किती?"
"तुला कोणी कुऱ्हाड दाखवली, पोरी?" म्हणाल्या आणि आत गेल्या. आवाज कापरा होता. रागानं? की…
दाखवली होती की नव्हती? मघापासून तोच विचार. वासानं डोकं जड झालंय. फूल काढवत मात्र नाही.