दोन काचांतले डास

किहीम, ४ ऑक्टोबर १९३१

घरमालकीण ठमाबाईने आज मला पुन्हा झाडलं! विहिरीत डास होतात, झाकण घालू या म्हटलं, एवढाच गुन्हा. "मंग आसरांना चांदनं कसं दिसंल?" पाण्यातल्या त्या सात देवींना चांदणं लागतं म्हणे. वर हेही ऐकवलं — "तू सरावनात ऱ्हाया आलास, भादव्यात माझ्या हरेश्वराला हिव भरलं. त्याआधी या वाडीत ताप कुनाला ठावं न्हवता!"

मी हिवताप खात्याचा माणूस आणि खापर माझ्याच डोक्यावर. कमाल आहे!

हरेश्वर तिचा एकुलता एक. नारळ पाडून घर चालवतो. दिवसाआड थंडी भरते, हातपाय लटपटतात, माडावर चढणार कसा? तापावरचं कोयनेल माझ्या पेटीत पडून आहे, पण म्हातारी देऊ देत नाही — आसरा आणखी कोपतील! शेवटी म्हणाली, "तुझ्या दुर्बिनीत ताप दाव. मंग झाकन बी, औषद बी."

ठरलं तर!

८ ऑक्टोबर

विहिरीतल्या अळ्या वाढवून कोरे, अजून कुणालाच न चावलेले डास तयार केले. कंदिलाच्या दोन काचांत भरले, तोंडाला मलमल. एक काच हरेश्वरच्या दंडाला लावली. तो हसतोय — "मास्तर, डासांना पंगत वाडता व्हय?" दुसरी माझ्या दंडाला. ताडून पाहायला निरोगी रक्ताची एक काच हवीच, असा खात्यातल्या साहेबांचा दंडक. निरोगी कोण? अर्थात अस्मादिक! लहानपणी उरणच्या मिठागरावर तापलो असेन, तेवढंच. दंड मात्र अजून खाजतोय.

११ ऑक्टोबर

अमावास्या. ठमाबाईने विहिरीत नारळ सोडला. माझ्याशी बोलणं बंद.

१३ ऑक्टोबर

बोलणं सुरू! काचेत काय चाललंय ते विचारल्याशिवाय तिलाच राहवेना. मी सांगितलं — रक्ताबरोबर तापाचे नर-मादी डासाच्या पोटात जातात, तिथेच त्यांचं लग्न लागतं. त्यातून अळीसारखा एक जीव होतो. तो सरपटत पोटाच्या भिंतीत घुसतो, आरपार जातो आणि बाहेरच्या अंगाला मणी होऊन चिकटतो. मणी फुटला की बी डासाच्या सोंडेत, तिथून दुसऱ्या माणसात.

"म्हंजे भाडोत्रीच की! घरात घेतला नि भिंत फोडली!" म्हातारी खो खो हसली. मीही.

१७ ऑक्टोबर

दिसले! हरेश्वरच्या काचेतले पाच डास सुईने उघडले, तिघांच्या पोटावर गोल गोल मणी! ठमाबाई भिंगाला डोळा लावून किती तरी वेळ उभी. मग हळूच — "औषद दे त्याला."

आनंदाने नाचावंसं वाटलं. खरंच.

१८ ऑक्टोबर

झाकणाऐवजी बारीक जाळी. युक्ती तिचीच — "जाळीतनं चांदनं येतं, डास येत न्हाय." हरेश्वरने स्वतः ठोकली.

१९ ऑक्टोबर

दसऱ्याची तयारी. साहेबांना अहवाल धाडायचा, म्हणून माझी काच उरकायला घेतली. सहा डास. काचेवरची चिठ्ठी दोनदा वाचली — माझंच नाव. चौघांच्या पोटावर मणी.

उरणचा तो ताप अजून माझ्या अंगात दडून आहे. मी आणला. श्रावणात.

ठमाबाई जेवायला हाका मारते आहे, माझ्यासाठी घावन केलेत. आधी तिला सांगतो. मग ती वाढेल तर जेवेन.