मेहुण्याची 'तिखट मिरची'

३ मार्च, सकाळ
सुट्टी. ऑनलाइन ज्ञानकोश उघडला आणि किळस आली. माझा मेहुणा ओग्न्यान महापौरांना शिव्या घालणारा एक ब्लॉग लिहितो, 'तिखट मिरची'. त्यावर कुणीतरी चक्क स्वतंत्र लेख केलाय! वाचक कोण, तर माझी बायको रोसित्सा आणि रुसे शहरातले चार रिकामटेकडे. मी या कोशाचा जुना संपादक. लेख वगळायचा प्रस्ताव टाकला. नात्याचा काही संबंध नाही.

४ मार्च
इतर संपादकांची सगळी मतं 'वगळा'. एकाने विचारलं, ब्लॉगबद्दल पेपरात कधी काही आलंय का. छे. पेपरात दखल नाही तर कोशात लेख नाही, असा नियमच आहे. विषय संपला. रोसित्साला सांगायचं नाही.

५ मार्च
रोसित्साला कळलं. ओग्न्यानने ब्लॉगवरच बोंब मारली. ती म्हणते, त्याने सगळ्यांदेखत मी घरी गाळलेल्या राकियाला रॉकेल म्हटलं, त्याचा हा राग. हास्यास्पद. राकिया उत्तम होती.

७ मार्च
पेपरवाल्या बाईंचा फोन. महापालिका पार्किंगसाठी नदीकाठची लिंडनची झाडं तोडणार आहे, ते म्हणे या ब्लॉगनेच बाहेर काढलं. त्यांना सविस्तर समजावलं की या ब्लॉगची दखल कुठल्याही पेपरने घेतलेली नाही. त्यांनी सगळं लिहून घेतलं. हुशार बाई.

८ मार्च
कोशावरच्या चर्चेत उत्तरं देण्यात दिवस गेला. रोसित्साला महिला दिनाची फुलं आणायची राहिली. ओग्न्यानने आणली. लाळघोट्या.

९ मार्च
पहिल्या पानावर! 'मिरची कुणाला झोंबली?' ओग्न्यानचा मोठ्ठा फोटो, झाडाला टेकून. दुपारी थेट राजधानीच्या, सोफियाच्या टीव्हीवर. 'वगळा'वाले एकेक करून फिरले. म्हणतात, आता पेपरात आलं ना. कणा नाही लोकांना.

११ मार्च
निकाल: लेख ठेवा. झाडतोडही थांबली. रोसित्साने चीज भरलेली बानित्सा भाजली, भावाला जेवायला बोलावलं. त्याने माझे दोन्ही गाल चुंबले. म्हणाला, "झाहारी, इतकी वर्षं कुत्रं विचारत नव्हतं रे मला. तू केलंस हे." डोळ्यांत पाणी. माझ्या गालावर चीज. शिसारी आली.

१२ मार्च
लेखात नवं वाक्य: 'एका संपादकाच्या आक्षेपामुळे ब्लॉग देशभर पोहोचला.' एका! तिथे माझं नाव घातलं. सत्य म्हणून, दुसरं काही नाही.
चहा होईपर्यंत कुणीतरी काढून टाकलं. कारण दिलंय: अनावश्यक तपशील.